रात्री अडीचचा स्कॅन रिकामं ऑफिस मोजतो

नेटवर्कला कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते बघणारा स्कॅन ठरावीक वेळी आपोआप चालवायचा म्हटलं की बोटं आपसूक रात्रीच्या अडीचकडे वळतात. बॅकअप रात्री, अपडेट रात्री, मग स्कॅनही रात्रीच. पण आपल्याकडे ऑफिसातून शेवटचा माणूस निघताना काय करतो? पंखे बंद, एसी बंद, आणि टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं बटणही पायानंच बंद. मागे उरतात राउटर, स्विच, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं यंत्र आणि एखादा सर्व्हर. कुणीतरी घरून आणून भिंतीच्या पोर्टात खोचलेला स्वस्त वाय-फाय राउटर त्याच बोर्डावर असतो, त्यामुळे तोही झोपलेला. सकाळी अहवाल येतो: काही बदल नाही. रोज येतो. खोटं तो बोलत नाही, पण ज्या वेळी बघायचं त्या वेळी तो बघतच नाही.

म्हणून उपकरणं शोधणारा हलका स्कॅन लोक कामावर असताना लावायचा. पोर्ट (उपकरणावरच्या सेवांचे क्रमांक दिलेले दरवाजे) तपासणारा जड स्कॅन रात्री चालेल, पण तो चोवीस तास चालू असणाऱ्या यंत्रांपुरताच. हे दोन वेगळे स्कॅन आहेत. त्यांची वेळापत्रकं वेगळी, फोल्डर वेगळे, तुलनाही वेगळी. दोन्ही एकाच आदेशात कोंबले की पुढचे निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

इथे डोळ्यांसमोर आहे ते दोन-तीन सबनेटचं (नेटवर्कच्या तुकड्यांचं) मध्यम ऑफिस, कोपऱ्यात एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा जुना पीसी, त्यावर डेबियन लिनक्स आणि एनमॅप हा स्कॅनर. गॉर्डन लायननं १९९७ साली एनमॅप पहिल्यांदा प्रसिद्ध केला, आणि या कामाला आजही तोच पुरतो. विकत घेतलेल्या साधनात वेळापत्रकाची छान खिडकी मिळते, पण खालचे खड्डे तेच. (आदेश आणि त्यांचे पर्याय इथे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं.)

त्याआधी परवानगी. नेटवर्क ज्याचं आहे त्याच्याकडून लेखी घ्या, त्यात सबनेट आणि वेळ स्पष्ट लिहा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू होऊ शकतात, आणि ‘मी फक्त बघत होतो’ हा बचाव ऐकायला कुणी बसलेलं नसतं. इमारतीत शेजारच्या कंपनीशी स्विच वाटून घेतलेला असेल तर आपली हद्द कुठे संपते ते आधी बघा.

हलका स्कॅन

एनमॅपचा ‘-एसएन’ हा पर्याय पोर्टना हात न लावता कोण जागं आहे एवढंच बघतो. त्याच्या जोडीला ‘-एन’, म्हणजे डीएनएसला नावं विचारत बसणार नाही. निकाल एक्सएमएलमध्ये हवा, त्यासाठी ‘-ओएक्स’ (यातला एक्स मोठ्या लिपीतला). १९२.१६८.१०.०/२४ अशा सबनेटमध्ये २५४ पत्ते असतात, आणि स्कॅनर त्याच सबनेटमध्ये असेल तर हे काम काही सेकंदांत होतं.

हा आदेश रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणूनच चालला पाहिजे. रूट असेल तर एनमॅप स्थानिक नेटवर्कवर एआरपीनं (‘या आयपीचा मॅक पत्ता काय’ असं विचारायची पद्धत) विचारतो, आणि पिंगला उत्तर न देणारा विंडोजचा पीसीही एआरपीला उत्तर देतोच. दिलं नाही तर त्याचं नेटवर्कच चालणार नाही. रूट नसेल तर एनमॅप ८० आणि ४४३ या पोर्टांवर जोडणी करून बघतो. मग फायरवॉल लावलेले पीसी गायब होतात आणि मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे स्वतःचे क्रमांक) तर अजिबातच मिळत नाहीत. नेहमी होणारी चूक अशी: हातानं चाचणी घेताना रूटचे अधिकार देणारं ‘सुडो’ लावलेलं असतं, सगळं झकास दिसतं. मग तोच आदेश साध्या वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या ‘क्रॉन’च्या यादीत) ‘सुडो’शिवाय जातो. दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस बेपत्ता.

दुसऱ्या सबनेटकडे राउटरमधून बघितलं तरी मॅक पत्ता मिळत नाही, कारण एआरपी राउटर ओलांडत नाही. म्हणून प्रत्येक व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर केलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) स्कॅनरची एक जोडणी हवी. रास्पबेरी पायला ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या) लावून त्यावर व्हीलॅनचे उपइंटरफेस काढले की एकाच यंत्रात भागतं. अडचण वाय-फायची. अॅक्सेस पॉइंटवर ‘क्लायंट आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सोय) चालू असेल तर त्यामागची उपकरणं स्कॅनरला दिसणारच नाहीत. ती यादी वाय-फायच्या कंट्रोलरकडूनच घ्यावी लागते. याच्या बरोब्बर उलट गंमत प्रॉक्सी एआरपीची. एखादा फायरवॉल सगळ्या पत्त्यांच्या वतीनं उत्तरं देतो आणि २५४ पैकी २५४ जागे दिसतात. सगळ्यांचा मॅक पत्ता एकच निघाला की समजायचं.

किती वेळा? सीआयएस कंट्रोल्स या सायबर सुरक्षेच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत सक्रिय शोध रोज किंवा त्याहून जास्त वेळा चालवायला सांगितलंय. अमेरिकेतल्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या खात्यांना दिलेल्या २३-०१ क्रमांकाच्या आदेशात उपकरणशोध दर ७ दिवसांनी आणि त्रुटींची मोजणी दर १४ दिवसांनी सक्तीची केली. पण काही सेकंदांचा स्कॅन आठवड्यातून एकदाच करण्यात काय हशील? कामाच्या वेळेत दर तासाला लावा. फोन बॅटरी वाचवायला डुलक्या काढतात, लॅपटॉपचं झाकण मिटलेलं असतं. एका फेरीत सुटलेलं पुढच्या फेरीत सापडतं. दिवसभराच्या फेऱ्यांची बेरीज म्हणजे त्या दिवसाची हजेरी.

वेळ लिहिताना

क्रॉनची ओळ ‘२० ११ * * १-६’ अशी लिहिली की सोमवार ते शनिवार सकाळी ११:२०. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यांत बहुतेकदा १-५ असतं, कारण तिकडे शनिवारी सुट्टी. आपल्याकडे शनिवारी काम असतं, आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तिथे गुरुवारचा स्कॅन ‘सगळं गायब’ म्हणून ओरडेल आणि रविवारच्या भर पाळीत कुणी बघणारं नसेल. सुट्टीचं कॅलेंडर समोर ठेवूनच ती पाच घरं भरा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री अडीचला मोठा स्कॅन हवा म्हणून कुणी ‘३० २ १-७ * ०’ लिहितं. वाचायला बरोबर वाटतं, पण क्रॉन तारीख आणि वार या दोन घरांत ‘आणि’ नाही, ‘किंवा’ धरतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या सातही रात्री, आणि वर प्रत्येक रविवारी. सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) टायमरमध्ये ‘ऑनकॅलेंडर’च्या ओळीत वार आणि १..७ तारखा एकत्र लिहिल्या की दोन्ही अटी पाळल्या जातात. लिहिलेलं बरोबर आहे का ते ‘सिस्टिमडी-अॅनालाइझ कॅलेंडर’ या आदेशाला विचारा, पुढची वेळ तो छापून दाखवतो. क्रॉन टाकून टायमर घ्यायला ही एक सोयच पुरेशी आहे.

क्रॉनमधला आणखी एक चावा: फाइलच्या नावात तारीख घालायला टक्क्याचं चिन्ह वापरलं तर क्रॉन त्याचा अर्थ ‘नवी ओळ’ असा घेतो आणि आदेश तिथेच तुटतो. आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. त्यापेक्षा सगळा आदेश एका स्क्रिप्टमध्ये टाका आणि क्रॉनमध्ये स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग लिहा. क्रॉनचा ‘पाथ’ तोकडा असतो, हातानं चालणारी स्क्रिप्ट तिथे ‘आदेश सापडला नाही’ म्हणून पडते.

मग घड्याळ. यंत्र यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर ११:२० म्हणजे आपली संध्याकाळची ४:५०. भाड्याच्या सर्व्हरवर हे हमखास होतं. रास्पबेरी पायची आणखी वेगळी तऱ्हा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज जाऊन आली की ते शेवटी साठवलेल्या वेळेपासून उठतं आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) भेटेपर्यंत त्याच भूतकाळात राहतं. त्या मिनिटाभरात स्कॅन सुटला तर त्याच्या फाइलवर कालची तारीख पडते आणि कालची खरी फाइल पुसली जाते. उपाय म्हणजे ‘सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक’ ही सेवा चालू करून स्कॅनची सेवा ‘टाइम-सिंक’ या टार्गेटनंतर लावणं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. तेव्हा ते काम तसंही करायचंच आहे.

विजेवरून टायमरमधली ‘परसिस्टंट’ ही ओळ आठवते. ती चालू असेल तर हुकलेला स्कॅन यंत्र सुरू होताच चालतो. ऐकायला सोयीचं. पण वीज येते ती सगळ्यांसाठी एकदमच. रास्पबेरी पाय अर्ध्या मिनिटात उठतो. मोठा स्विच आणि छतावरचे अॅक्सेस पॉइंट अजून डोळे चोळत असतात. स्कॅनला रिकामं नेटवर्क दिसतं आणि ‘४३ उपकरणं गेली’ असा मेल सुटतो. ‘नेटवर्क-ऑनलाइन’ टार्गेटनं इथे काही साधत नाही, ते फक्त आपलं स्वतःचं इंटरफेस उठलं एवढंच सांगतं. सेवेच्या सुरुवातीला सरळ दहा मिनिटांचा ‘स्लीप’ घाला. तासाच्या फेऱ्यांना तर ‘परसिस्टंट’ लावूच नका, पुढची फेरी येतेच आहे.

रात्रीचा जड स्कॅन, आणि तो कुणावर नको

सर्व्हर, डीव्हीआर, स्विचची व्यवस्थापन पानं, यूपीएसचं कार्ड यांची यादी एका फाइलमध्ये ठेवून ती ‘-आयएल’नं द्यायची. काही सांगितलं नाही तर एनमॅप नेहमीचे १००० टीसीपी पोर्ट बघतो. सगळे ६५,५३५ बघायला ‘-पी’नंतर आणखी एक वजा. बंद पोर्टवरून लगेच नकार येत असेल तर हे लवकर आटपतं. फायरवॉल गुपचूप पाकिटं गिळत असेल तर प्रत्येक पोर्टमागे वाट बघणं आणि पुन्हा विचारणं आलं, आणि स्कॅन सकाळपर्यंत रेंगाळतो. तेव्हा पुष्कळ जण ‘होस्ट-टाइमआउट’ लावतात. तो मोह टाळा. ती मर्यादा संपली की एनमॅप त्या यंत्राचे अर्धवट निकालही टाकून देतो, आणि तुलनेत त्याचे सगळे पोर्ट ‘बंद झाले’ असं दिसतं. ‘मॅक्स-रिट्राइज’ २ वर आणणं त्याहून बरं.

यूडीपीचे (टीसीपीसारख्याच दुसऱ्या प्रोटोकॉलचे) सगळे पोर्ट तर विसराच. बंद यूडीपी पोर्टबद्दलचे आयसीएमपी नकार लिनक्स सेकंदाला एक या बेतानं पाठवतो. त्या हिशेबानं एका यंत्राचे ६५,५३५ पोर्ट बघायला १८ तासांहून जास्त लागतात. ५३, १२३, १६१, १९०० असे मोजके निवडा आणि आठवड्यातून एकदा बघा. १६१ वर एसएनएमपी (उपकरणाच्या देखरेखीचा प्रोटोकॉल) उघडा असलेला जुना स्विच हमखास सापडतो.

प्रिंटरला जपून. ९१०० या पोर्टवर जे येईल ते प्रिंटर छापतो. सेवा ओळखणाऱ्या ‘-एसव्ही’मधून एनमॅपनं ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुळातच वगळलेत, पण ‘ऑलपोर्ट्स’ लावलं की ते संरक्षण जातं आणि सकाळी ट्रेमध्ये अगम्य अक्षरांच्या कागदांची चळत पडलेली असते.

कारखान्यात पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकांच्या) सबनेटवर आपोआप चालणारा स्कॅन लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेच्या ८००-८२ या मार्गदर्शिकेत दोन प्रसंग नोंदवलेत. एकीकडे साधा पिंग स्वीप (सगळ्या पत्त्यांना ओळीनं पिंग करणं) चालू असताना नऊ फुटांचा रोबोटचा हात अचानक १८० अंश फिरला. दुसरीकडे तशाच स्वीपनं चिप बनवणारी यंत्रणा अडकून ५०,००० डॉलरचे वेफर वाया गेले. तिथे स्विचच्या मॅक टेबलवरून किंवा मिरर पोर्टवर (स्विचमधल्या रहदारीची प्रत देणाऱ्या) नुसतं ऐकून यादी करावी. ते पत्ते ‘एक्सक्लूडफाइल’मध्येही टाकून ठेवा, म्हणजे उद्या कुणी मोठी रेंज दिली तरी तिथे धक्का लागणार नाही.

पीसींवरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचंही बघायला लागतं. पोर्ट स्कॅन ओळखून ते स्कॅनरचा आयपी काही काळ अडवून ठेवतात. पहिला स्कॅन भरगच्च, दुसरा कोरा दिसला तर बहुधा हेच. फक्त स्कॅनरचा एकच आयपी अपवादात टाका. अख्खी रेंज नको.

फरक कशाशी काढायचा

एनमॅपबरोबरचं एनडिफ दोन एक्सएमएल फाइली घेतं आणि गेलेल्या ओळीपुढे वजा, आलेल्या ओळीपुढे अधिक लावून दाखवतं. डेबियनवर ते वेगळं पॅकेज आहे. फार जुनं असेल तर पायथन २ मागतं. २०२३ च्या ७.९४ आवृत्तीपासून पायथन ३ वर चालतं. फरक नसेल तर ते बाहेर पडताना ० देतं, फरक असेल तर १, चूक झाली तर २. आता स्क्रिप्टच्या डोक्यावर शिस्तीनं ‘सेट -ई’ लिहिलेलं असेल तर काय होईल? फरक सापडला की १ येतो, शेल त्याला चूक समजून तिथेच थांबतं, आणि मेल पाठवणारी पुढची ओळ चालतच नाही. म्हणजे बदल नसेल त्या दिवशी सगळं सुरळीत आणि बदल असेल नेमक्या त्याच दिवशी गप्प. एनडिफची ओळ ‘इफ’मध्ये गुंडाळा किंवा तिचा आकडा वेगळा झेला.

एक्सएमएल आधी तात्पुरत्या नावानं लिहा, स्कॅन नीट संपल्यावरच खरं नाव द्या. मध्येच मेलेल्या स्कॅनची फाइल अर्धी असते आणि एनडिफ तिच्यावर २ देऊन पडतं. दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून क्रॉनमध्ये ‘एफलॉक -एन’. सिस्टिमडी आधीची फेरी चालू असताना दुसरी सुरूच करत नाही, पण त्यातही मेख आहे: ‘वनशॉट’ (एकदा चालून संपणाऱ्या) सेवेला मूळची वेळमर्यादा नसते. एक फेरी लटकली तर पुढच्या सगळ्या मुकाट बंद. ‘टाइमआउट-स्टार्ट-सेक’ लिहा.

एनडिफ यंत्रं जुळवतं ती मुख्यतः आयपी पत्त्यावरून. डीएचसीपीनं (आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेनं) पत्ता बदलला की एकच लॅपटॉप ‘गेला’ आणि ‘आला’ असा दोनदा दिसतो. म्हणून हलक्या स्कॅनला एनडिफ नको, मॅक पत्त्यांची यादी हवी. आणि ती कालच्या स्कॅनची नको. कालच्याशी तुलना केली तर घुसखोर राउटर पहिल्या दिवशी ‘नवा’ म्हणून दिसतो, त्या दिवशी मेल कुणी वाचला नाही तर दुसऱ्या दिवशी तो घरचाच होतो. तुलना हातानं मंजूर केलेल्या यादीशी करा. यादीत नाव जाईपर्यंत रोज ओरड झाली पाहिजे.

यादी जुळवताना ‘सॉर्ट’ आणि ‘कॉम’ हे आदेश पुरतात, पण एनमॅप मॅक पत्ते मोठ्या लिपीत छापतो, बरेच राउटर छोट्या लिपीत, आणि डीव्हीआरच्या खालच्या चिकटपट्टीवर मध्ये अपूर्णविरामच (:) नसतात. सगळं एका साच्यात आणूनच यादीत टाका. समजा सकाळी मेलमध्ये ही ओळ आली:

+ १९२.१६८.१०.७७ डीए:४१:७सी:०९:ई२:५बी

पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा: ए. तिथे २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नाही, उपकरणानं स्वतः बनवलेला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी असा पत्ता बनवतात. म्हणजे हा बहुधा कुणाचा तरी फोन, आणि प्रश्न ‘हा कोण’ एवढाच नाही. ऑफिसच्या वाय-फायचा पासवर्ड फोनवर कसा गेला, हा आहे. फोन पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये ढकला आणि तिथे नव्या मॅकची ओरड बंद ठेवा. व्हर्च्युअल मशीनचे पत्तेही कधी कधी याच साच्यातले असतात, तेव्हा सर्व्हरच्या सबनेटमध्ये असा पत्ता दिसला तर आधी हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा.

मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. पायचं एसडी कार्ड मेलं तरी मेल येत नाहीच. बदल असो-नसो, रोज एक ओळ यायला हवी: वेळ, दिसलेल्या उपकरणांची संख्या, स्कॅनला लागलेले सेकंद. संख्या नेहमीच्या निम्म्याखाली गेली तर ‘उपकरणं गेली’ असं न म्हणता ‘स्कॅन फसला’ असा वेगळा मेल पाठवा. निकालांच्या फोल्डरला ७०० परवानगी द्या, कारण ते तुमच्या नेटवर्कचा तयार नकाशा आहेत.

आयपीव्ही६ मध्ये एका /६४ सबनेटचे पत्ते साधारण १.८ गुणिले १० चा १९ वा घात इतके भरतात, त्यामुळे तिथे ओळीनं विचारत जाणं शक्यच नाही. सगळ्यांसाठीच्या मल्टिकास्ट पत्त्यावर पिंग टाकून आणि राउटरचं शेजाऱ्यांचं टेबल वाचून जे मिळेल ते त्याच मॅक यादीशी जुळवायचं.

आणि पहिल्या दिवशी यादी जुळवताना एक उपकरण मॅकशिवाय दिसेल, कितीही वेळा स्कॅन केला तरी. तो स्कॅनर स्वतः. एनमॅप स्वतःचा मॅक पत्ता छापत नाही. तो हातानं लिहून यादीत टाका.